उजव्या नाकाची नथ

संगमनेर,
१२ जानेवारी २०२५

दाजींना वैजनाथचा नमस्कार. साष्टांग घालायचा होता, पण गुडघ्याच्या डॉक्टरांची परवानगी नाही, तेव्हा उभ्यानेच घ्या.

फोनवर मी "सृष्टी" एवढं नाव काढलं की तुम्ही "गिऱ्हाईक आलंय" म्हणून ठेवून देता. गेल्या दोन वर्षांत घोडेगावात खरंच इतकी गिऱ्हाइकं आली असती तर दुकानावर मजला चढला असता. म्हणून पत्र. हे तुम्ही वाचाल की नाही ठाऊक नाही, पण फाडणार नाही हे नक्की. सोनार दुकानातला केरसुद्धा टाकत नाही. झारेकरी येऊन सोन्याच्या कणांसाठी तो धुऊन नेईपर्यंत डब्यात साठवतो. माझं पत्र त्या डब्यात पडलं तरी मी समाधानी आहे.

सोबत वर्तमानपत्राचं कात्रण आहे, त्यात एका नथीचा छोटा फोटो. "ज्वेलरी डिझाइनच्या विद्यार्थ्यांचे सुयश" हे शीर्षक माझं नाही. मी असतो तर "यश"ला "सु" लावला नसता. तिसऱ्या ओळीतलं नाव तुमच्या मुलीचं आहे. राहते माझ्याकडे, पण आडनाव अजून तुमचंच लावते.

बातमी त्रोटक आहे, म्हणून भर घालतो. विद्यापीठाचा हा अभ्यासक्रम आमच्या इथल्या कॉलेजात सुरू झाला तेव्हा मीही हसलो होतो. दागिन्यांची पदवी, उद्या पोळ्यांची निघेल, असं स्टाफरूममध्ये म्हणालोही होतो. ते शब्द आता मागे घेतो. मोनिका नावाची पाथर्डीकडची मुलगी गेल्या वर्षी इथून पास झाली. तिची आई दर हिवाळ्यात श्रीगोंद्याला ऊसतोडीला जाते. दिवसभर उभं राहून पाय सुजतात आणि बोटातली जोडवी रुततात, म्हणून मोनिकाने बारीक बिजागरीची, सैल करता येणारी जोडवी केली. पुण्याच्या एका पेढीने जोडव्यांसकट तिला ठेवून घेतलं. दुसरा ओम. त्याचं कानातलं सुरतच्या प्रदर्शनात विकलं गेलं. एकच विकलं गेलं, कारण त्याने एकच केलं होतं. एका कानाचा दागिना ही नवी कल्पना आहे, असं तो मला समजावत होता. आपल्याकडे तिला भिकबाळी म्हणतात, हे सांगून मी त्याचा आनंद जरा कमी केला.

आणि तिसरी आपली. राज्यभरातल्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत अखेरच्या दहांत तिची नथ निवडली गेली आहे. दागिना ५ फेब्रुवारीपर्यंत पुण्याला पोचवायचा, पंधरा-सोळाला परीक्षकांसमोर मांडायचा. नथ चांदीची, वर सोन्याचं पाणी. तिला खिलारी बैलाच्या शिंगासारखा बाक आहे, आणि मोत्यांच्या खाली घुंगुरमाळेतल्यासारखे बाजरीएवढे मणी. लहानपणी बाजाराच्या दिवशी तुमच्या दुकानाच्या पायरीवर बसून ती जे बघत होती, ते सगळं तिने नाकाएवढं केलं आहे. ती मी स्वतः हातात घेऊन पाव तास न्याहाळली. निर्दोष आहे. प्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी दीड पान टिपणही मीच लिहिलं. संस्कृतात नखशिखान्त अलंकारांची एवढी रास आहे, पण नाकाच्या दागिन्याला जुना शब्द मला काही सापडला नाही, असा त्याचा सारांश.

एक बोलतो आणि थांबतो. मीही सोनाराचाच मुलगा. हातोडी ठेवून व्याकरण धरलं तेव्हा वडिलांनी गावात पेढे वाटले, तुम्हीही पाठ थोपटलीत. मी धंदा सोडला तर पेढे, आणि पोरगी धंद्यात येते म्हणाली तर तुम्ही दोन वर्षं तोंड फिरवून बसलात. "आमच्यात बाईमाणूस बागेसरीच्या शेगडीपुढं बसत न्हाई," असं तुम्ही तिला सांगितलंत. "मग जिथं बसू देतात तिथं जाते," असं ती म्हणाली. यात पूर्वपक्ष कोणाचा आणि उत्तरपक्ष कोणाचा, ते तुम्हीच ठरवा.

पंधराला तुम्ही यावं असं तिला वाटतं. तसं ती बोललेली नाही. मी सांगतोय हेही तिला माहीत नाही.

आपला,
वैजनाथ


संगमनेर,
२० जानेवारी

दाजी,

तुमचं कार्ड मिळालं. दोन वर्षांच्या मौनानंतरचा मजकूर मी पाठ केला आहे: "नथ उजव्या नाकाची झाली. गोरक्षनाथ."

ना नमस्कार, ना खुशाली. कार्डावरची बाकीची जागा कोरी पाहून मला वाईट वाटलं. पोस्टखात्याने ती फुकट दिली होती.

पहिल्यांदा मी तुमच्यावर हसलो. म्हटलं, वर्तमानपत्रवाल्यांनी फोटो उलटा छापला असणार आणि हे तिकडे नाक मुरडून बसलेत. सृष्टी कॉलेजातून नथ घरी घेऊन आलीच होती, म्हणून छबूबाईला हाक मारली. छबूबाई आमच्याकडे पोळ्या करते. तिचं नाक टोचलेलं आहे आणि मत कोणाला विचारावं लागत नाही. पिठाचे हात पुसून तिने नथ डाव्या नाकात अडकवली, आरशात पाहिलं आणि गप्प झाली. छबूबाई गप्प झाली की घरात काहीतरी मोडलेलं असतं.

"मास्तर," ती म्हणाली, "हिनं तर तोंड फिरवून घेतलं. खडा गालाकडं आन् पाठ लोकांकडं."

तसंच होतं. शिंगाचा बाक आत वळला होता आणि तारांच्या गाठी बाहेर दिसत होत्या. उजव्या नाकाला लावून धरली तर देखणी. पण उजवं नाक टोचलेली बाई आपल्या मुलखात शोधायची कुठे? नथ आणि बैलाची वेसण यांचं नातं सांगून मी वातावरण हलकं करू पाहिलं. छबूबाईने मला स्वयंपाकघराबाहेर काढलं.

आता कबुली. मी नथ पाव तास पाहिली हे खरं, पण मखमलीच्या पेटीत पाहिली. पेटीतल्या नथीला नाक नसतं. मी तेव्हा टिपणातल्या समासांचा विचार करत होतो. कॉलेजातल्या बाईंनी पाहिली तीही पेटीतच. सगळ्यांनी कौतुक केलं, कोणी घालून पाहिली नाही. आणि घोडेगावात बसलेल्या माणसाने दोन बोटं रुंद, शाई फुटलेल्या फोटोवरून ओळखलं.

हे झालं कसं, तेही ऐका. नमुन्यासाठी तिला ताईची नथ हवी होती. ताईने तुम्हाला विचारलं होतं, आठवतंय ना? तुम्ही म्हणालात, "तिजोरीतला दागिना शाळेत खेळायला जात न्हाई." मग सृष्टीने मोबाईल धुंडाळला. बारावीत असताना चुलतबहिणीच्या लग्नात आईची नथ घालून तिने स्वतःचाच फोटो काढला होता, तो सापडला. तो मोठा करून त्यावरून कॉम्प्युटरवर बाक काढला, मापं घेतली. स्वतःचा फोटो काढताना मोबाईल आरशासारखा वागतो, डाव्याचं उजवं करून दाखवतो आणि तिच्या मोबाईलने तसंच जपूनही ठेवलं. बाकीचा वर्ग पुस्तकातल्या चित्रांवरून काम करतो, त्यांची अशी चूक होणं शक्य नव्हतं. ही चूक व्हायला घरात नथ असावी लागते आणि ती बघायची बंदी असावी लागते.

तेव्हा चुकीचा अर्धा वाटा तिजोरीचा. पाव माझा. उरलेला पाव तिने सगळाच्या सगळा स्वतःकडे घेतला आहे.

रडली नाही. जेवली मात्र नाही. म्हणाली, "मामा, सोनाराची पोर आणि नथ उलटी. उद्या नाव मागे घेते." मी म्हटलं, परीक्षकांना कळणारही नाही. ती म्हणाली, "अण्णांना कळलं." कार्ड मी तिला दाखवलं होतं, दाखवायला नको होतं की हवं होतं, ते अजून ठरत नाही. आता पत्रांचं गुपितही राहिलेलं नाही.

कॉलेजात नव्याने ओतून घ्यायची तर तीन आठवडे लागतात. हातात पंधरा दिवस आहेत. बाईंनी तिला नाव मागे घेण्याआधी आठवडाभर थांबायला सांगितलं आहे. तुम्ही एवढंच कळवा, ही नथ फिरवता येते का? कार्डावर जागा भरपूर असते.

वैजनाथ


संगमनेर,
२८ जानेवारी

दाजी,

दुसरं कार्ड मिळालं. प्रगती आहे, या वेळी तीन वाक्यं आहेत. "फिरवता येते. नथ पाठवून दे, करून देतो. तिनं यायची गरज न्हाई."

तिसरं वाक्य नसतं तर मी आजच कुरिअर केलं असतं.

मी कार्ड तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, बघ, तुझा बाप विरघळतोय, तू आता ताणू नकोस. तिने ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "अण्णांनी करून दिली तर ती अण्णांची नथ झाली. त्यापेक्षा माझी उलटी बरी." स्पर्धेचा नियमही तसाच आहे: दागिना विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने पूर्ण केलेला असावा. पण नियम नसता तरी ती हेच म्हणाली असती. ही मान ताठ ठेवायची लकब आमच्याकडची नाही, दाजी. आमच्या घराण्यात माणसं लगेच जुळवून घेतात, म्हणून तर ताई तुमच्याकडे सुखाने नांदली.

तिचं म्हणणं थोडक्यात असं. नाकात जाणारी तार कापून शिंगाच्या दुसऱ्या टोकाला झाळून जोडायची आणि मोती सोडवून उलटे गुंफायचे, एवढं तिला समजलं आहे. पण खडा बसवलेला आहे आणि झाळायची जागा त्याच्यापासून गव्हाच्या दाण्याएवढी दूर. कॉलेजातली गॅसची ज्योत तिथे फार दांडगी होते. एका वाया गेलेल्या तुकड्यावर तिने करून पाहिलं, तर खडा तडकला. तुम्ही फुंकणीने एवढीशी ज्योत केसासारखी वळवता, हे तिने दारातून पाहिलेलं आहे. दारातूनच, कारण आत यायला बंदी होती. तिला तुमच्याकडून नथ नको, फुंकणी हवी आहे.

तेव्हा शनिवारी, १ तारखेला, आम्ही दोघं येतो. बाजाराचा दिवस नाही, गर्दी नसेल. दुकान उघडं असेल तर आत येऊ. बंद असेल तर ताईच्या हातचा चहा घेऊन परत फिरू आणि पुण्याला नाव मागे घेतल्याचं कळवू. तुम्ही उत्तर लिहूच नका. शटर वर की खाली, एवढंच मला वाचता येईल.

वैजनाथ


संगमनेर,
४ फेब्रुवारी

दाजी,

शटर अर्धं वर होतं. मी याला तडजोड म्हटलं. ताई म्हणाली की ते अर्ध्यावरच अडकतं, महिना झाला. मी मात्र माझाच अर्थ धरून बसलो आहे.

तुम्ही मला म्हणालात, "मास्तर, तुमी बाहेर बसा. आत जागा न्हाई." मी बाहेर बाकड्यावर बसलो. मी वाईट मानलं असं समजू नका. त्या बाकड्यावरून आतलं सगळं ऐकू येतं, हे तुमच्या कधी लक्षात आलेलं नाही, कारण तुम्ही कधी बाहेर बसलेला नाहीत.

तर ऐकलेलं सांगतो, खोटं असेल तर खोडा. पहिला अर्धा तास तुम्ही तिच्याशी एक शब्द बोलला नाहीत. फक्त तिजोरी उघडल्याचा आवाज आला. ताईने नंतर सांगितलं की तुम्ही तिची नथ काढून पाटावर सृष्टीच्या नथीशेजारी ठेवलीत. मग तुम्ही म्हणालात, "नमुना समोर असल्याबिगर हात लावायचा न्हाई." ती म्हणाली, "नमुना मागितला होता."  

मग तुमचा आवाज: "खड्याला वल्ली माती लाव. जाड. अजून जाड."

त्यानंतर तुम्ही जागेवरून उठलात. तुमच्या गुडघ्याचा आवाज मी ओळखतो, तो माझ्या गुडघ्याचा थोरला भाऊ आहे. बागेसरीपुढच्या तुमच्या जागेवर कोण बसलं, हे बघायला मला वळावंच लागलं. क्षमा असावी. पाठमोरी सृष्टी होती, ओढणी कमरेला खोचलेली, आणि तुम्ही तिच्या मागे भिंतीला टेकून उभे.

"गाल फुगव. नाकानं घे, तोंडानं सोड. मधी तोडायचं न्हाई. तुटलं की गेलं."

तिची फुंक पहिल्यांदा तुटली. दुसऱ्यांदाही. तुम्ही ओरडला नाहीत. मी तुम्हाला अठ्ठावीस वर्षं ओळखतो; तुमच्या हाताखाली शिकायला आलेली चार पोरं तुमच्या ओरडण्याने पळाली. म्हणून हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

नेमकी तेव्हाच मनकर्णाबाई जोडव्यांसाठी आली. शटरखालून वाकून तिने आत पाहिलं आणि गावच्या वतीने विचारलं, "का वो गोरक्षनाथ, आता पोरगी बसवली का काय गादीवर?"

तुम्ही काय उत्तर द्याल, याचे मी मनात तीन पाठभेद तयार केले होते. तिन्ही वाईट होते. तुम्ही म्हणालात, "काम चालू हाय. तुमी दुपारी या."

दाजी, तुम्हाला हे साधं वाक्य वाटलं असेल. आत फुंकणी जागच्या जागी थांबली होती. मग परत सुरू झाली आणि या खेपेला तुटली नाही. मी मोजत बसलो, बेचाळीसपर्यंत गेलो. शेवटी तुम्ही "हं" म्हणालात. तुमचं हे "हं" मी आजवर दोनदा ऐकलं होतं. एकदा ताई बाळंत होऊन सुखरूप सुटली तेव्हा, एकदा गावात डांबरी रस्ता झाला तेव्हा.

आता तुम्ही न पाहिलेलं. येताना गाडीत मी भेळ घेतली तर तिला चावता येईना. गाल दुखत होते, जबडा उघडत नव्हता, आणि ती त्याच तोंडाने हसत होती. मी विचारलं, काय झालं. "मामा, अण्णांनी माझी चूक सांगितली." म्हटलं, त्यात आनंद कसला? "फोटोवरून सांगितली होती ती वेगळी. आज म्हणाले, मोती दोन गुंजा जड झालेत, पुढच्या वेळी हलके घे." पुढच्या वेळी, हे ती राहुरीपर्यंत तीनदा म्हणाली.

नथीला काल कॉलेजात पुन्हा सोन्याचं पाणी दिलं. छबूबाईने घालून पाहिली. आता तोंड लोकांकडे आहे. काढायला तिने अंमळ उशीरच केला. पार्सल आज पुण्याला गेलं.

पंधराचं मी विचारत नाही. तुमच्याने दुकान सुटत नाही, मला माहीत आहे.

वैजनाथ


संगमनेर,
१९ फेब्रुवारी

दाजी,

तुम्ही पंधराला आला नाहीत, म्हणून निकाल उशिरा कळवून सूड घ्यायचा होता. पण ताईने फोनवर तो आधीच काढून घेतला. तरी तपशील माझ्याकडे आहेत आणि ते मी सावकाश देणार.

दहा दागिने दहा पेट्यांत मांडलेले. तिघे परीक्षक. त्यांतल्या एक बाई सत्तरीपुढच्या, नाक टोचलेलं, चेहऱ्यावर काहीही पसंत नसल्याचा भाव. त्या सृष्टीच्या पेटीपुढे थांबल्या आणि म्हणाल्या, "हे असं ठेवून काय कळतंय?" नथ काढून सरळ स्वतःच्या नाकात घातली.  दाजी, तीन आठवड्यांपूर्वी हे घडलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही. शिंगाचा बाक त्यांच्या ओठावर असा बसला की शेजारचे परीक्षक लिहायचे थांबले. बाईंनी आरसा मागवला. पुढच्या तीन पेट्या त्यांनी ती नथ घालूनच तपासल्या.

मग प्रश्नोत्तरं. मला हॉलच्या मागच्या रांगेत जागा मिळाली होती. तुमच्या बाकड्यासारखंच, ऐकू सगळं येत होतं. बाईंनी नथ उतरवून भिंग लावलं. खड्याला इतकी लागून झाळ कशी दिली, ज्योत कोणती वापरली, असं त्यांनी विचारलं. सृष्टीने सांगितलं, फुंकणी. "ती कॉलेजात शिकवतात?" असं बाईंनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, "ती आमच्या दुकानात शिकले."

माझं टिपण कोणी वाचलं की नाही, याची चौकशी मी केली. पुस्तिका खुर्चीवर घालून बसायच्या उपयोगी पडत होती.

दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं नागपूरच्या एका मुलाच्या बाजूबंदाला गेलं आणि सृष्टी म्हणते ते योग्यच होतं. त्याचा सांधा भिंगातूनही दिसत नव्हता. मोनिका मुद्दाम पेढीतून रजा काढून आली होती. टाळ्या तिनेच सुरू केल्या आणि तिनेच सगळ्यांत शेवटी थांबवल्या. ओमने सृष्टीला एक कानातलं भेट दिलं. दुसऱ्याची वाट पाहू नको, असं मी तिला बजावलं आहे.

आता तक्रार.

काल टपालाने तुमचं पाकीट आलं. कार्ड नव्हे, पाकीट, आणि हाताला जाड लागणारं. मी चष्मा लावून फोडायलाच बसलो होतो, तर वर नाव सृष्टीचं. महिनाभर दाजी-दाजी करत पत्रं लिहिली मी, गुडघे दुखेस्तोवर बाकड्यावर बसलो मी, आणि पाकीट तिला.

तिने ते खिडकीशी उभ्यानेच वाचलं. चार पानं होती. एका पानावर काहीतरी आकृती काढलेली लांबून दिसली, आणि खाली तुमचं ते मुंगीएवढं अक्षर. वाचून झाल्यावर परत पहिल्या पानापासून वाचलं. मग वहीत काही मापं टिपून घेतली, आणि पुढच्या आठवड्यात घोडेगावच्या बाजाराच्या आदल्या दिवशी गाडी किती वाजता निघते, ते मला विचारलं.

मी सांगितलं. मग शक्य तितक्या निरिच्छ आवाजात विचारलं, काय म्हणतात दाजी?

तिने पानं घडी करून पाकिटात घातली आणि पाकीट दप्तरात ठेवलं. "काही नाही, मामा," ती म्हणाली. "ते आमच्या धंद्यातलं आहे."

वैजनाथ